नेरुळमधला काचेचा टॉवर आणि वाळवंटाचा हिशेब

आमच्या सोसायटीत ४८ घरं आहेत. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडकोनं बांधलेल्या तीन इमारती, तळमजला अधिक तीन, नेरुळ स्टेशनच्या पश्चिमेला. गच्चीवरून पाम बीच रोडवरची वाहनं दिसतात, त्यापलीकडं खारफुटीची काळपट हिरवी रेघ आणि मग खाडी. दुपारी तीनच्या सुमाराला तिकडून वारा सुटतो. एप्रिलमध्येसुद्धा आमच्या घरात पंख्यावर भागतं ते या वाऱ्यामुळं, आणि खिडक्या समोरासमोर ठेवणाऱ्या त्या वेळच्या आर्किटेक्टमुळं.

इमारती मात्र थकल्या. जिन्यातलं प्लास्टर पडू लागलं, स्लॅबच्या सळ्या उघड्या पडल्या, स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये दुरुस्तीत पैसे घालू नका असा शेरा आला. मग सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालची रीतसर प्रक्रिया, पीएमसीची म्हणजे प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, टेंडर. पुनर्विकास व्हावा यावर आमच्यात कधीच दुमत नव्हतं. दुमत झालं ते इमारत कशी असावी यावर, आणि ते आठ महिने चाललं. वाशी, सानपाडा, बेलापूर, ठाण्यातल्या वर्तकनगरसारख्या भागांत कितीतरी सोसायट्या आज याच टप्प्यावर आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

दोन बिल्डर शेवटपर्यंत राहिले. घराचं कार्पेट क्षेत्र जवळपास सारखं, बांधकाम चालू असतानाचं भाडंही सारखं. पहिल्याचा कॉर्पस, म्हणजे घरटी एकरकमी द्यायचे पैसे, जास्त होता आणि त्याचं सादरीकरण फार देखणं होतं. २२ मजल्यांचा एक टॉवर, ११० घरं. पश्चिमेची सगळी बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची. खाली दोन मजली बेसमेंट, पोडियमवर हिरवळ आणि स्विमिंग पूल, फाटकाशी कारंजं, दोन्ही बाजूंना खजुराची झाडं. दाखवणारा तरुण मनापासून म्हणाला, ‘‘सर, नेरुळमध्ये दुबई.’’ सभागृहात टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही हे आमच्या सेक्रेटरींनी पाहिलं असावं. सभा संपल्यावर ते म्हणाले, ‘‘तुम्ही तिकडं राहून आलात. पंधरा दिवसांत एक टिपण द्या कमिटीला.’’

मी आखातात १९ वर्षं काढली, १९९४ ते २०१३. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्रकल्पात शिफ्ट इंजिनिअर होतो. त्या पगारावर हे नेरुळचं घर घेतलं आणि दोन मुलांची शिक्षणं केली. त्या शहरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. पण ती शहरं कशावर उभी आहेत हे मी पाइपला कान लावून ऐकलेलं आहे, आणि तेच टिपणात लिहायचं ठरवलं.

नळाच्या मागचा कारखाना

दुबईत वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. नदी नाही, धरण नाही. नळाला येणारं पाणी बहुतेक सगळं समुद्रातून येतं आणि ते कारखान्यात तयार होतं. मी लागलो तेव्हा बहुतेक प्रकल्प उकळीचे होते. समुद्राचं पाणी १०० अंशांच्या आसपास तापवायचं, एकापाठोपाठ एक कमी दाबाच्या कप्प्यांतून न्यायचं, प्रत्येक कप्प्यात त्याची थोडी वाफ होते, ती थंड नळ्यांवर पकडायची. ही उष्णता शेजारच्या वीजकेंद्रातून यायची, म्हणजे शेवटी नैसर्गिक वायू जाळूनच. नव्या प्रकल्पांत पाणी पडद्यातून दाबानं ढकलतात, रिव्हर्स ऑस्मॉसिस. घरातल्या ‘आरओ’चाच तो प्रचंड भाऊ. त्याला इंधन पुष्कळ कमी लागतं. तरीही हजार लिटरमागे साडेतीन युनिटच्या आसपास वीज जातेच.

आमच्याकडं माणशी रोज १३५ लिटर हा नियोजनाचा आकडा आहे. चार माणसांच्या घराला ५४० लिटर. तेवढं पाणी समुद्रातून काढायचं झालं, तर नव्यात नव्या पद्धतीनंही घरटी रोज दोन युनिट वीज निव्वळ पाणी तयार करण्यात जाईल, ते पंपानं वर चढवण्याआधीच. आणि अमिरातीत माणशी वापर १३५ नाही, ५०० लिटरच्या घरात धरला जातो.

वीज हा त्यातला अर्धाच भाग. शंभर लिटर समुद्राचं पाणी आत घेतलं तर चाळीसेक लिटर गोडं मिळतं. उरलेलं दीडपटीहून अधिक खारं होऊन परत समुद्रात जातं. उकळीच्या प्रकल्पातून ते कोमटही असतं, आणि नळ्यांवर क्षार बसू नयेत, शेवाळ धरू नये म्हणून घातलेली रसायनं घेऊन जातं. संयुक्त राष्ट्रसंघाच्या विद्यापीठानं २०१९ मध्ये जगभरचा हिशेब मांडला होता. रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी, आणि त्यामागं रोज १४ कोटी २० लाख घनमीटर खारवणी. यातली निम्म्याहून अधिक खारवणी सौदी, अमिरात, कुवेत आणि कतार या चार देशांतली.

ती जाते कुठं, तर बरीचशी आखातात. नकाशात मोठं दिसणारं ते आखात सरासरी जेमतेम ३५ मीटर खोल आहे. बारा-तेरा मजली इमारत उभी केली तर गच्ची पाण्याच्या वर राहील. बाहेर पडायची वाट होर्मुझच्या सामुद्रधुनीची, अरुंद. उन्हानं पाणी जितकं उडून जातं तितकं नद्यांतून येत नाही, त्यामुळं ते मुळातच महासागरापेक्षा खारं. त्यातूनच पाणी उचलायचं आणि त्यातच मीठ परत ओतायचं. २००८ च्या शेवटी लाल शेवाळाची लाट आली तेव्हा मी ड्यूटीवर होतो. पाणी तांबूस, घट्ट, वास येणारं. त्या हंगामात अमिरात आणि ओमानमधल्या काही प्रकल्पांना काही काळ पाणी घेणंच बंद ठेवावं लागलं. आमच्या कंट्रोल रूममध्ये कोणी बोलत नव्हतं. शहराच्या टाक्यांत किती दिवसांचं पाणी आहे हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो आकडा फार लहान होता. पुढं अबू धाबीनं लिवा वाळवंटाच्या वाळूखाली २.६ कोटी घनमीटर गोडं पाणी मुरवून ठेवलं, केवळ अडचणीच्या दिवसांसाठी. ते काम २०१८ मध्ये पुरं झालं.

टिपणातला हा भाग मी मुद्दाम लांबवला होता. कारण ज्या हिरवळीवर आणि कारंज्यावर टाळ्या पडल्या, त्यांच्यामागं मला तिकडं नेहमी ही कंट्रोल रूम दिसायची.

वाळू असून वाळू नाही

हे ऐकून आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना सगळ्यात जास्त नवल वाटलं. वाळवंटातली वाळू बांधकामाला चालत नाही. वाऱ्यानं वर्षानुवर्षं घासून ती फार बारीक आणि गोल होते, सिमेंटमध्ये एकमेकीला धरत नाही. नदीची, पाण्यानं घडवलेली कोनेदार वाळू लागते. म्हणून वाळवंटातली शहरं वाळू विकत आणतात. ८२८ मीटर उंचीच्या बुर्ज खलिफासाठी ऑस्ट्रेलियातून वाळू आणल्याची नोंद संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमानं केली आहे. पाम जुमैरा हे खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट करायला ९.४ कोटी घनमीटर वाळू आखाताच्या तळातून उपसली. त्याभोवती दगडी बांध घातला, तर आतलं पाणी साचून कुजायला लागेल असं लक्षात आलं, आणि बांधाला दोन ठिकाणी वाटा सोडाव्या लागल्या.

आजोबा मूळचे मुंब्र्याकडचे. रेतीबंदरावर होड्यांतून रेती उतरताना त्यांनी पाहिलेली. ते म्हणाले, ‘‘खाडीचा तळ खरवडला की किनारा बसतो. हे आम्हाला कोणी शिकवायला लागलं नव्हतं.’’ आता आपल्याकडं बिल्डर क्रश सँड वापरतात, म्हणजे डोंगर फोडून दळलेला दगड. तो भार पारसिकच्या डोंगररांगेनं किती वर्षं सोसला ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही दिसतं.

इथं एक गोष्ट मान्य करायला हवी. नवी मुंबई काही रिकाम्या जागेवर उगवलेली नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ३४४ चौरस किलोमीटर आणि ९५ गावं या शहरासाठी धरली गेली. त्यात भातखाचरं होती, मिठागरं होती, खारफुटी होती. विमानतळासाठी उलवे टेकडी छाटली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. करावे गावातून आमच्याकडं मासळी घेऊन येणाऱ्या मावशी निवट्यांबद्दल बोलतात ते भूतकाळातच. दुबईला नावं ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही. फरक एवढाच, की आपल्याला निसर्गानं पाऊस दिला, वारा दिला, माती दिली. जे तिकडं पैसे मोजून मिळवावं लागतं, ते इथं आहे. ते असताना नसल्यासारखी इमारत बांधायची का, एवढाच प्रश्न मी टिपणात विचारला.

एका गच्चीचं गणित

आमच्या तिन्ही इमारतींच्या गच्च्या मिळून ६०० चौरस मीटर. पावसाचा वार्षिक आकडा मी २,५०० मिलिमीटर धरला. इकडं त्याहून जास्तही पडतो. वीस टक्के वाया गेला असं धरलं तरी वर्षाला १२ लाख लिटर. आमची ४८ घरं माणशी १३५ लिटरनं रोज २६ हजार लिटर वापरतात, म्हणजे ४६ दिवसांचं पाणी आमच्या डोक्यावर पडून गटारात जातं. तीच गच्ची दुबईत ठेवली तर वर्षभरात ४६ हजार लिटरही मिळणार नाहीत. दोन दिवस पुरायचे नाहीत.

हिरवळीचा हिशेब उलट्या बाजूनं. बिल्डरनं ४०० चौरस मीटर लॉन दाखवलं होतं. एप्रिल-मे मध्ये इथल्या उन्हात गवत रोज पाच मिलिमीटर पाणी तरी हवेत सोडतं. म्हणजे रोज २,००० लिटर, पंधरा माणसांचं दिवसाचं पाणी. मोरबे धरण आपलं आहे, महापालिकेनं ते विकत घेतलं आहे, म्हणून नवी मुंबई शेजारच्या शहरांपेक्षा सुखी आहे हे खरं. पण मे महिन्यात तिथल्या पातळीकडं सगळ्यांचेच डोळे लागतात.

वाळवंटातल्याच एका शहरानं या बाबतीत काय केलं ते मी टिपणात जोडलं. लास व्हेगासला कोलोरॅडो नदीच्या पाण्याचा अगदी लहान वाटा मिळतो. तिथं घरासमोरचं गवत काढून टाकणाऱ्याला पाणीपुरवठा संस्था चौरस फुटामागे पैसे देते. घरात वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा त्याच नदीवरच्या मीड सरोवरात सोडतात, आणि जितकं परत केलं तितकं वाट्याव्यतिरिक्त पुन्हा उचलता येतं. आणि २०२१ च्या कायद्यानं नेवाडा राज्यानं ठरवलं, की २०२७ उजाडल्यापासून सोसायट्यांच्या, कचेऱ्यांच्या आणि दुभाजकांवरच्या निव्वळ शोभेच्या हिरवळीला त्या नदीचं पाणी घालायचं नाही. ज्यांनी वाळवंटात हिरवळ लावली ते ती उपटत आहेत, आणि आम्ही ती नेरुळला आणायला निघालो होतो.

मग काच. पश्चिमेची भिंत २४ मीटर रुंद, वीस मजले राहण्याचे, त्यातली साधारण १,००० चौरस मीटर काच. एप्रिलच्या दुपारी साडेचारला पश्चिमेच्या भिंतीवर दर चौरस मीटरला ६०० वॅटच्या आसपास ऊन येतं. काच चांगल्या प्रतीची धरली, उन्हाचा ४० टक्केच भाग आत सोडणारी, तरी २४० किलोवॅट उष्णता घरांत शिरते. ती बाहेर फेकायला दीड टनाचे ४५ एसी. माणसांच्या, स्वयंपाकाच्या, गरम हवेच्या उष्णतेचा यात एक कणही नाही. हे केवळ त्या भिंतीसाठी. तिथं साधी ब्लॉकची भिंत असती तर आत येणारी उष्णता याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आली असती.

एसी उष्णता नाहीशी करत नाही, शेजाऱ्याच्या खिडकीशी नेऊन ठेवतो, वर स्वतःनं खाल्लेल्या विजेची उष्णताही त्यात घालतो. वाळवंटात वसलेल्या फिनिक्स शहराचा अभ्यास २०१४ मध्ये तिथल्या विद्यापीठानं केला. एसींनी बाहेर टाकलेल्या उष्णतेनं काही भागांत रात्रीचं तापमान एक अंशाहून अधिक वाढल्याचं त्यात दिसलं. आपल्याकडची वीज अजून मुख्यतः कोळशाची, युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड.

सभेत काय झालं

टिपण वाचून झालं तेव्हा पहिला प्रश्न तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं विचारला. ऐरोलीला आयटी पार्कमध्ये नोकरी करते, रात्रीच्या शिफ्टही असतात. ‘‘काका, तुम्ही एकोणीस वर्षं एसीत राहून आलात. आम्ही आता कुठं मागतोय तर पर्यावरण आठवतं. मला दिवसा झोपावं लागतं. खारघरच्या मैदानावर उन्हानं माणसं गेली ती याच एप्रिलच्या उन्हानं ना?’’

ती बरोबर बोलत होती. १६ एप्रिल २०२३ ची ती दुपार नवी मुंबईत कोणी विसरलेलं नाही. इथला उकाडा दमट असतो, घाम वाळत नाही, आणि अशा हवेत पंखा एका मर्यादेपर्यंतच उपयोगी. तिला एसी हवा यात काहीही चूक नव्हती. मी तिला एवढंच म्हटलं, ‘‘तुझ्या झोपेसाठी एक एसी लागतो. मला भीती आहे ती दुसऱ्याची, जो काचेसाठी लागेल. चल, बघून येऊ.’’

त्याच बिल्डरची चार वर्षांपूर्वी पुरी झालेली एक इमारत आमच्यापासून दोन स्टेशनांवर आहे. शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही सातजण गेलो. वादावर खरा परिणाम या भेटीनं केला, माझ्या आकड्यांनी नाही. रस्त्यावरून वर पाहिलं तर पश्चिमेच्या एकाही घराचा पडदा उघडा नव्हता. तीन घरांत काचेला आतून थर्माकोलचे पत्रे लावलेले. आमच्या सेक्रेटरींच्या ओळखीचं एक घर तेराव्या मजल्यावर होतं. तिथल्या वहिनींनी दार उघडलं, आत भर दुपारी ट्यूबलाइट लावलेली. पडदा सारून काचेवर हात ठेवला तर ठेववेना. उघडणारं तावदान म्हणजे एका कोपऱ्यात दीड फुटाची झडप. खाडीचा वारा बाहेर वाहत होता आणि आत येत नव्हता. वहिनी म्हणाल्या, ‘‘व्ह्यू सकाळी छान असतो. आणि पावसाळ्यात कपडे कुठं वाळत घालायचे ते एकदा विचारून घ्या तुमच्या बिल्डरला.’’

परतताना त्या मुलीनं लोकलमध्ये मला विचारलं, जुन्या दुबईत लोक कसे राहायचे. मी तिला अल फहिदीच्या गल्ल्यांबद्दल सांगितलं. खाडीच्या काठाची ती वस्ती, प्रवाळाच्या दगडाच्या जाड भिंती, समोरासमोरच्या घरांची सावली एकमेकांवर पडावी इतक्या अरुंद वाटा, आणि घरावर चौकोनी बुरूज, जे कुठल्याही दिशेचा वारा पकडून खोलीत उतरवतात. अबू धाबीजवळ मसदार नावाचं नवं शहर २००८ पासून बांधायला घेतलं, तिथंही अभियंते याच अरुंद गल्ल्यांकडं आणि वाऱ्याच्या बुरुजाकडं वळले. त्यांची मूळ मुदत मागं पडली, ठरवलं तेवढं साधलं नाही. पण सावलीत तापमान खरोखर उतरतं हे तिथं चालून पाहिल्यावर कळतं. माझ्या आजोळी, कोकणात, पडवी आणि खाली उतरलेलं छप्पर हेच काम करायचं.

पुढच्या सभेत तिनंच एक नवी मागणी मांडली, मला न सुचलेली. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोची इको निवास संहिता २०१८ मध्ये आली आहे. इमारतीच्या भिंती आणि खिडक्यांतून सरासरी किती उष्णता आत येते याचा त्यात एक आकडा काढतात, आणि तो दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये अशी मर्यादा आहे. ‘‘आपण काच नको असं म्हणायचंच नाही,’’ ती म्हणाली. ‘‘हा आकडा पाळा म्हणायचं. कसा पाळायचा ते त्यांचा आर्किटेक्ट बघेल.’’

करारात काय उतरलं

बिल्डरची बाजूही ऐकण्यासारखी होती. आमची ४८ घरं तो मोफत बांधणार, पैसे उरलेल्या ६२ घरांतून उभे करणार, आणि गिऱ्हाईक पहिल्यांदा माहितीपत्रकातलं चित्र पाहतं. काच गेली तर चौरस फुटाचा दर पडतो. तीन बैठका झाल्या. वाट त्यांच्याच आर्किटेक्टनं काढली. मुख्य रस्ता उत्तरेला आहे, आणि उत्तरेकडून इथं ऊन पश्चिमेपेक्षा खूपच कमी येतं. चित्रातली काच उत्तरेला न्यायची. पश्चिमेला भिंत, त्यात उघडणाऱ्या खिडक्या, आणि प्रत्येक घराला चार फूट खोल बाल्कनी, जिची सावली खालच्या खिडकीवर पडेल. आकडा १५ च्या खाली आला. तो करारात अट म्हणून गेला, मोजणीचा कागद ओसीच्या, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राच्या, अर्जाआधी सोसायटीला द्यायचा या कलमासह.

बेसमेंटवर वाद झालाच नाही. आमची जमीन भरावाची, खाली चिखलमाती, थोडं खणलं की मचूळ पाणी. दोन मजले खाली गेलो तर ते पाणी कायम उपसत राहावं लागेल. शिवाय १६ एप्रिल २०२४ ला दुबईत चोवीस तासांत वर्षभराच्या पावसाहून जास्त पाणी पडलं, विमानतळाची धावपट्टी पाण्याखाली गेली, तेव्हाची दृश्यं सगळ्यांच्या फोनवर होती. जिथं जमीन झाकून टाकली आणि पाण्याला वाट ठेवली नाही, तिथं ते खाली शिरतं. आमच्या इथं भरतीच्या वेळी शहराचं पावसाळी पाणी सिडकोच्या धारण तलावांत थांबतं आणि ओहोटीला खाडीत जातं. ते तलाव गाळानं आणि खारफुटीनं भरत चालले आहेत. अशा ठिकाणी जमिनीखाली गाड्या ठेवायला आमचे अध्यक्षच तयार नव्हते. पार्किंग स्टिल्ट आणि पोडियमवर आलं, त्यात क्लब हाउस निम्मं झालं.

लॉन गेलं. त्या जागी बहावा, करंज, ताम्हण, कडुलिंब. खजूर गेले. पूल राहिला, कारण मतदानात तो जिंकला. वापरलेलं पाणी शुद्ध करून फ्लशला देणारी दुहेरी नळव्यवस्था आली. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी एकत्र गोळा करणारा पाइपही आला. बुर्ज खलिफात असं पाणी वर्षाला साडेपाच कोटी लिटरच्या वर जमतं आणि झाडांना जातं. ती गोष्ट मला तिकडची खरोखर उचलावी अशी वाटते. आपल्याकडं हेच पाणी खालच्याच्या छज्जावर पडून भांडणं होतात.

दोन गोष्टी सुटल्या नाहीत आणि त्या मला टोचतात. फाटकाजवळचे दोन पर्जन्यवृक्ष पाइलिंगच्या हद्दीत येतात. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी, बदल्यात लावायची झाडं, सगळं रीतसर होईल. पण इमारती नव्या होत्या तेव्हा लावलेली ती झाडं, त्यांच्याखाली आमच्या फाटकाशी रस्त्यापेक्षा वेगळी हवा असते, ती पंचवीस वर्षं पुन्हा मिळणार नाही. मी आणि आर्किटेक्टनं टॉवर सहा मीटर सरकवून पाहिला, अग्निशमनाच्या गाडीची वाट अडत होती.

दुसरी गोष्ट कॉर्पसची. या बदलांपायी बिल्डरनं घरटी दीड लाख कमी केले. पहिल्या इमारतीतल्या एका काकूंचं सगळं गणित त्या कॉर्पसच्या व्याजावर होतं. टॉवरचा मेंटेनन्स त्यातून भागणार होता. त्यांनी मला जिन्यात थांबवून विचारलं, ‘‘भाऊ, तुमच्या वाऱ्याचे पैसे माझ्या खिशातून का?’’ मी त्यांना विजेच्या बिलातली बचत सांगितली, पण त्या एसी लावणारच नाहीत. त्यांच्या घरापुरता माझा हिशेब जुळत नाही, हे मी कमिटीला लिहून दिलं. आता पाच ज्येष्ठ सदस्यांचा मेंटेनन्स पहिली दहा वर्षं कमी ठेवायचा, फरक बाकीच्यांनी वाटून घ्यायचा असा ठराव मांडला आहे. तो पुढच्या सभेत मताला येईल.

राहिली पावसाच्या पाण्याची टाकी. इथल्या चिखलमातीत शोषखड्डा करून उपयोग नाही, पाणी मुरत नाही, आणि मुरलं तरी खाऱ्यात मिसळतं. साठवूनच वापरावं लागेल. ११० घरांच्या फ्लशला रोज २० हजार लिटर लागतील. एक लाख लिटरची टाकी असेल तर पाऊस थांबल्यावरही पाच दिवस निघतात, आणि शुद्ध केलेल्या पाण्याच्या जोडीनं जून ते सप्टेंबर त्या कामाला मोरब्याचं पाणी फारसं लागू नये. टाकी करारात आहे, जागा मात्र नकाशात नाही. पोडियमखाली जिथं ती होती तिथं आता अग्निशमनाची टाकी आली आहे. आर्किटेक्ट म्हणतात आकार निम्मा करा. मी दक्षिणेच्या रॅम्पखालची जागा मोजून आलो आहे, आठ मीटर लांब, सहा रुंद, उंची सव्वादोन. एक लाख आठ हजार लिटर बसतात. बुधवारी तो कागद घेऊन आम्ही दोघं त्यांच्याकडं जाणार आहोत, मी आणि ती तिसऱ्या मजल्यावरची मुलगी.